सत्ताविसावे उत्तर

रील काढताना दरीत पडलेल्या रेणुकाला बचाव पथकातल्या नथूने रविवारी दोराने वर काढले. त्या सुटकेच्या व्हिडिओखाली एका निनावी माणसाने लिहिले, ‘रीलवाल्यांना मरू द्यायचं.’ तेव्हापासून नथू त्याच्याशी भांडत होता. आज लोणावळ्याच्या इस्पितळात रेणुकाच्या खाटेशेजारी बसून त्याने सत्ताविसावे उत्तर पाठवले. डॉक्टरांनी सांगूनही ती वॉकरला हात लावत नव्हती. तिचा फोन वाजला. “त्याला सोडत न्हाई,” नथू म्हणाला. “भाऊ, तिथं मला टॅग केलंय,” रेणुका म्हणाली. “तुम्ही उत्तर दिलंत की त्याचं वाक्य पुन्हा माझ्यापुढे येतं. तुम्हीच त्याला जेवू घालताय.” नथूने एकेक उत्तर पुसले. लगेच टोमणा आला, ‘घाबरलास का?’ त्याचा अंगठा अक्षरांवर घुटमळला. मग त्याने फोन खिशात टाकला आणि वॉकर पुढे सरकवला. “बसू दे त्याला उपाशी. तू ऊठ, पोरी.” रेणुकाने पाय जमिनीवर टेकवले.