भिंतीपलीकडची मोटर

पाळणाघराची भिंत हाताला गरम लागली, तीही नेमकी माझ्या लेकीच्या पाळण्यामागची. पलीकडच्या खोलीत पाण्याच्या पंपाची मोटर होती. करंट जास्त झाला की तिला बंद करणारी डायल वायरमनने नुकतीच सात अँपिअरवरून चौदावर नेली होती.

“सातवर ठेवली की सारखी बंद पडते, ताई. आता नाही पडायची.”

मोटरच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा रंगाखाली गेला होता. मी डायपरच्या पाकिटावरच हिशेब मांडला. पाच हॉर्सपॉवर गुणिले सातशे शेहेचाळीस, भागिले व्होल्टेज, पॉवर फॅक्टर, एफिशियन्सी आणि थ्री फेजचे १.७३. उत्तर आलं सात अँपिअर.

“बंद पडते, कारण तिला काहीतरी होतंय. चौदावर ठेवलीत तर ती जळेपर्यंत कळणार नाही. पोराला ताप आला तर थर्मामीटरवरचे आकडे खोडता का तुम्ही?”

“पुस्तकातलं शिक्षण,” तो पाळणाघराच्या मालकीणबाईंकडे बघून हसला.

“पहिलटकरणी अशाच घाबरट असतात,” त्याही हसल्या. “काही होत नाही हो.”

“बरं.” मी लेकीला उचलून घेतलं. “काही होत नाही ना? मग पाळणे खिडकीपाशी सरकवू, आणि तुमचं टेबल या भिंतीला लावू. उद्यापासून दिवसभर तुम्ही इथे बसा.”

मालकीणबाईंनी पहिल्यांदाच भिंतीला हात लावून पाहिला.

टेबल काही हललं नाही. डायल मात्र मुकाट्याने सातवर आली.