टिकलीभोवतीचं खळं

गुराकोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी झाकलेली काचेची बशी पिशवीतून काढून उजेडात धरली, तशी हौसा हातातलं काम टाकून पुढं सरकली. मागच्या वर्षी अशाच बशीत तिच्या कोंबड्यांच्या विष्ठेतले जंतू पसरून वर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या आणि ते जंतू टिकल्यांना खेटून खुशाल वाढले होते.

"कोंबडी शिंकली की पाण्यात औषधाची पावडर टाकता ना? आता जंतूच औषधाला भीत नाहीत. ते माणसाच्या पोटात गेले, तर त्यालाही औषध लागू पडायचं नाही," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून हौसानं पावडर बंद केली. खुराडं धुतलं, चुना मारला, निम्मीच पिल्लं आणली आणि त्यांच्याखाली रोज कोरडा भुसा अंथरला. "कोंबड्यांचं बाळंतपणच काढाया बसलीस की!" नवरा चिडवायचा. पण आता पहिलटकरीण लेक माहेरी आली होती. तिला आईच्या हातच्या कोंबडीच्या रश्श्याचे डोहाळे लागले होते, आणि तपासणीआधी घरची कोंबडी कापायला हौसा काही केल्या तयार नव्हती.

"बघा मावशी, औषधाला घाबरले हो तुमचे जंतू!" बाई हसल्या. खरंच, एकेका टिकलीभोवती मोकळं, गोल रिंगण होतं, पुनवेच्या चांदोबाला खळं पडावं तसं. हौसाच्या ओठी आपसूक ओवी आली,

काचेच्या गं बशीमधी टिकलीला पडं खळं
लेकीच्या माहेराला औषधाला आलं बळ

"ओव्या मागनं गा," नवरा बाह्या सारत उठला. "खोबरं कुठं ठेवलंयस ते सांग. आज पाट्यावर मी बसतो."