गालावरची ऊब

गालावर जेलचा थर पसरवून फरझानाने यंत्राचा दांडा हेमलताबाईंच्या हनुवटीपासून कानाकडे सावकाश फिरविण्यास आरंभ केला. त्वचा घट्ट करणाऱ्या या उपचारात उष्णता किती द्यावी, हे समोरच्याच्या उत्तरावरून ठरत असे, म्हणून ती वारंवार विचारी, "काकू, सोसतंय ना? चटका बसला तर लगेच सांगा हं."

"छान ऊब आहे गं," हेमलताबाई म्हणत.

वास्तविक गाल केव्हाच पोळू लागला होता. परंतु तसे सांगितले असते, तर तो हात उचलला गेला असता. यजमान निवर्तल्यापासून त्यांच्या चेहऱ्याला कोणी स्पर्श केला नव्हता, आणि सोसवते का, असे तर कोणी विचारलेही नव्हते. सुरकुत्यांचे दुःख त्यांना फारसे नव्हतेच.

फरझानाने तापमापक गालाशी धरला आणि दचकून दांडा बाजूला केला. "अहो काकू! गाल आहे की तवा? भाजला असता ना! बोलला का नाहीत?"

"तू विचारायची थांबली असतीस."

फरझानाने यंत्र बंद केले. आता जावे लागणार, असे समजून हेमलताबाई ओशाळून उठू लागल्या. तिने त्यांना खांद्याला धरून पुन्हा निजविले, गालावर गार पट्टी ठेवली आणि स्टूल जवळ ओढले.

"जेवलात का, काकू?"

सवयीने होकार त्यांच्या ओठांवर आला होता. तो आवरून त्या म्हणाल्या, "नाही गं. एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही."