स्पिरिटवरची जीप

मनिषानं जीपच्या बॉनेटखाली हात घालून रबरी नळी दाबून पाहिली. नळी मऊ लागली.

"बापूसाहेब, ही फुगलीय. पेट्रोलची नळी आहे, तिला स्पिरिट सोसत नाही. दोन दिवस द्या, पुण्याहून दुसरी मागवते."

बापूसाहेबांनी आवाराकडं नजर टाकली. शंभरेक सभासद भर दुपारच्या उन्हात उभे होते. दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, कारखान्याचे संचालक म्हणून बापूसाहेब ब्राझीलला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच विषय होता. आपल्या उसाच्या मळीतून निघणाऱ्या स्पिरिटवर आपली गाडी पळाली पाहिजे. गेला महिनाभर कारखान्याची जुनी जीप पेट्रोलमध्ये थोडं थोडं स्पिरिट मिसळून चालवली होती. आज टाकीत नुसतं स्पिरिट होतं.

"मॅडम, तितं लाखानं गाड्या ह्याच्यावर पळत्यात. आमी डोळ्यानं बघितल्यात."

"तिथल्या नळ्या वेगळ्या असतात, बापूसाहेब."

"अवो, आवारात एक चक्कर तर मारायची हाय. लोक कवाधरनं थांबल्यात."

मनिषा कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. नोकरीला दोनच वर्षं झाली होती. 'थांबवा' हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता. पण ड्रायव्हरकडं वळून ती एवढंच म्हणाली, "झुंबरभाऊ, सावकाश चालवा."

झुंबर हसला. फोटो निघणार म्हणून तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

जीप सुरू झाली तशा टाळ्या पडल्या. झुंबरनं ती वजनकाट्यापर्यंत नेली, वळवली. परत येताना इंजिन अडखळू लागलं. त्यानं गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवून, बॉनेट उघडून आत वाकला.

क्षणभरानं तो ताडकन मागं झाला. दोन्ही हात झटकू लागला. छातीवर थापा मारत स्वतःभोवती गरकन फिरला.

"झुंबर नाचाय लागला की!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. फोटोग्राफरनं फोटो घेतला.

झुंबरचं तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता.

मनिषाही पाहतच राहिली. धूर नव्हता, जाळ नव्हता. मग तिला दिसलं, त्याच्या बाहीची कड आपोआप तपकिरी होत चालली होती आणि तिच्यावरची हवा थरथरत होती. प्रयोगशाळेत टेबलावर ऊन आलं की स्पिरिटच्या दिव्याची ज्योत अशीच दिसेनाशी व्हायची. दिवा विझलाय असं समजून एकदा तिनं बोट भाजून घेतलं होतं.

"आग लागलीय त्यांना! पाणी आणा!"

लोक इकडंतिकडं बघू लागले.

"कुठाय आग?"

"मॅडम, आग न्हाय कुठं," बापूसाहेब म्हणाले.

ती थांबली नाही. वजनकाट्याजवळ गाडीवानांसाठी पाण्याचा रांजण होता. त्याच्याभोवतीचं ओलं पोतं तिनं ओढून काढलं, धावत जाऊन झुंबरवर टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याला आवळून धरलं. तिच्या तळव्यांना काहीतरी डसलं. तेव्हा कुठं झुंबरला कंठ फुटला. ती किंकाळी ऐकल्यावर लोक पळत सुटले. गॅरेजचा रावजी बादल्यांमागून बादल्या ओतू लागला. जीपच्या बॉनेटवर रंगाचे फोड उठत होते. मग पुढच्या टायरनं पेट घेतला, काळा धूर वर चढला आणि सगळ्यांना आग दिसली.

बापूसाहेब दहा पावलांवर उभे होते. ते एकदम स्वतःचं धोतर झटकू लागले. मग सदरा, मग टोपी. कुणीच हसलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात न्यायला रावजीनं कारखान्याची डिझेलची गाडी काढली. मागच्या सीटवर झुंबरला आडवं केलं. कोपरापर्यंत त्याची कातडी सोलवटून निघाली होती. ओल्या फडक्यात आपले भाजलेले हात गुंडाळून मनिषा त्याच्याशेजारी अंग चोरून बसली. बापूसाहेब पुढं बसले. सणसर गाव मागं पडलं.

"मॅडम," मग ते मागं न बघता म्हणाले, "कागदावर लिवा. नळीचं तुमी सांगितलं हुतं. आमी ऐकलं न्हाय."

"मी थांबवा म्हणाले नाही," मनिषा म्हणाली.

रावजीनं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

पिंपळी आली तेव्हा झुंबरनं डोळे उघडले. त्याचे दात वाजत होते.

"बाई, इझली का?"

"विझली, भाऊ."

"नीट बघा. दिसत न्हाय ती."

"विझली. बारामती आलीच आता."

"बघा की, बाई."

खिडकीतलं ऊन थेट त्याच्या अंगावर पडलं होतं. मनिषानं फडकं सोडून आपला हात पुढं केला. त्याच्या अंगाला न लावता तिनं तो जळक्या बाहीवरून, कॉलरवरून, केसांवरून हळूहळू फिरवला. आच लागत होती. उन्हाची, की तिच्याच भाजलेल्या तळव्याची, की आणखी कसली, तिला कळेना.

तिनं पुन्हा बाहीपासून सुरुवात केली.