तोंडातल्या बिया

"मॅडम, दोन शब्द तरी बोला!" संचालक हसले. "आयुष्यभर आमच्याशी भांडलात आणि आज निरोपाला गप्प?"

डॉ. वैजयंती खानोलकरांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. तीस वर्षं खपून त्यांनी घडवलेलं सीताफळ त्यांच्या संशोधन संस्थेने बिनबियांचं करून एका कंपनीला विकलं होतं. आता त्याचं मूळ बी बाळगणं गुन्हा होता. बिया धरणारं शेवटचं झाड आज सकाळीच, त्यांच्या डोळ्यांदेखत, फळांसकट तोडलं होतं.

फाटकावर रखवालदाराने पर्स झटकली, चपलासुद्धा तपासल्या. "रागावलात का, मॅडम?"

त्या तशाच रस्ता ओलांडून ओढ्याकाठी गेल्या आणि मातीत पचकन थुंकल्या. चार काळ्याभोर बिया! पायाने माती लोटून त्या वळल्या.

"हो रे," त्या तिथूनच कडाडल्या, "भयंकर रागावलेय!"