शंभूची मान

नेहमीच्या वाटेवरच्या पुलाचं काम निघालं म्हणून छगनला तिसगावात शाळेवरूनच जावं लागलं. ढोलकं त्यानं काखेत दाबलं, शंभूच्या गळ्यातली घुंगरं मुठीत गच्च धरली आणि त्या नंदीबैलाला घेऊन तो भिंतीच्या कडेकडेनं निघाला.

दोन वर्षं त्यानं हा रस्ता टाळला होता. रेश्माला इथं मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा खाली बघत ती एकदाच म्हणाली होती, "दादा, शाळेच्या गावाला नंदी नका आणू." त्यानंही लेकीला 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

"ओ नंदीवाले! या की आत!" फाटकातून हेडमास्तर आबासाहेबांनी हाक घातली. "काय टायमाला आलात! आमच्या मॅडम आत्ता नेमकं हेच शिकवतायत."

छगननं नको म्हणायला तोंड उघडेस्तोवर पोरांनी शंभूला वेढा घालून लिंबाखाली आणलासुद्धा. समोर व्हरांड्यात फळा. फळ्यावर इंग्रजी एकच शब्द, आणि फळ्यापाशी खडू धरून रेश्मा. तिनं बापाकडं पाहिलं. मग पुन्हा फळ्याकडं.

"नॉड," ती सांगत राहिली, पण आवाज कोरडा पडला होता. "म्हणजे मान खाली-वर हलवणं. होय म्हणायला हलवतात. ओळख दाखवायला हलवतात. बसल्या बसल्या डुलकी येऊन मान पडते ना, तिलाही हाच शब्द."

"मॅडम, पन ह्यो शब्द आला कुठनं?" पुढं बसलेल्या अश्विनीनं विचारलं.

रेश्मानं टेबलावरचा जाडजूड कोश उघडला. "सहाशे वर्षं तरी लोक वापरतायत. त्याच्या मागचं कुणाला माहीत नाही. इथं लिहिलंय, उगम अनिश्चित."

"येवढ्या मोठ्या पुस्तकाला पन ठावं न्हाई?"

छगनला गंमत वाटली. मान कुठून येते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ती काडीतून येते. ढोलक्याच्या कातड्यावर वाकडी काडी घासायची, गुबुगुबु झालं की शंभू मान हलवायचा. काडी थांबली की मान थांबली. नऊ वर्षांत एकदा चूक नाही. त्यावरच घर चाललं, त्यावरच लेक शिकली.

"हं, विचारा रे," आबासाहेब म्हणाले.

"नंदी, आज गृहपाठ हाय का?"

गुबुगुबु. शंभूनं मान डोलावली. पोरं हिरमुसली.

"हेडसर लई चिडतेत का?"

गुबुगुबु. मान जोरात हलली. हसून हसून पोरं एकमेकांवर पडली. आबासाहेबांनीही मिशीत हसून घेतलं.

मग अश्विनी उठली. शंभूच्या अगदी पुढ्यात आली. "नंदी, आमच्या मॅडमला वळखतो का तू?"

रेश्माच्या हातातला खडू मोडला.

छगननं काडी कमरेला खोवली. ढोलकं पाठीमागं सरकवलं. कासराही सैल सोडला. लेकीसाठी शंभूनं आता 'नाही' म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी मान न हलवता नुसतं उभं राहिलं की पुरत होतं.

पोरं थांबली. लिंबाचं एक पान शंभूच्या झुलीवर पडलं.

शंभूनं मान वर केली. व्हरांड्याकडं बघितलं. आणि मान हलवली. एकदा. मग सावकाश, घुंगरं वाजवत, आणखी एकदा.

"माशी बसली आसंल," मागून एक पोरगा म्हणाला.

"गप ए," आबासाहेब हळूच म्हणाले. "ढोल वाजलाच नाही."

छगन स्वतःच्या रिकाम्या हातांकडं बघत राहिला. हे त्यानं शिकवलेलं नव्हतं.

रेश्मा पायऱ्या उतरली. पोरांतून वाट काढत आली आणि शंभूच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, जिथं घरच्याशिवाय कुणाचा हात जात नाही, तिथं बोटं घालून खाजवू लागली. वासरू असताना तो तिच्याच हातून बाटलीनं दूध प्यायला होता. शंभूनं डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळाचा भंडारा तिच्या कपाळाला लागला, तो तिनं पुसला नाही.

"मॅडम, तुमी... तुमी वळखता ह्यांना?" अश्विनीनं विचारलं.

रेश्मा छगनकडं वळली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "दादा, सुट्टी व्हायला दहाच मिनिटं आहेत. माझा डबा दोघांना पुरेल. थांबाल ना?"

छगनला होय म्हणायचं होतं.

त्याची मान हलली.