जेवणाच्या वेळची लाईन

डिंगोरे गावात घरी बसून भरत पुण्याच्या कंपनीचं काम करायचा. इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं आणि नेमकं जेवणाच्या वेळी तुटायचं. "देशात कॉम्प्युटर आले, तारा मात्र गंजलेल्याच!" असं कुरकुरत तो ताटावर बसायचा. बायको वैजयंती निमूट वाढायची.

वैजयंती वारली. त्यानंतर लाईन एकदाही तुटली नाही.

"तार बदललीस वाटतं," भरत लाईनमन जानकूला म्हणाला.

"तारंला हातबी लावला न्हाई, भाऊ. वहिनीच स्वयंपाकघरातला फोन उचलून ठेवायच्या, की नेट तुटायचं. म्हणायच्या, त्याबिगर हे जेवायला उठत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी भरत कामावरून उठला, स्वयंपाकघरातला फोन उचलून ठेवला आणि गार भाकरी ताटात घेऊन कुरकुरला, "तुटली बघ पुन्हा."